लार्गो की लेंतो : शोपँच्या पहिल्या आवृत्त्या ताडून पाहण्याचे काम

फ्रेडरिक शोपँचा जी मायनरमधला बॅलड, ओपस २३, १८३६ साली पॅरिस, लाइपझिग आणि लंडन या तीन शहरांतून काही आठवड्यांच्या अंतराने छापून निघाला. पॅरिसच्या मॉरिस श्लेझिंगरने काढलेल्या आवृत्तीत आरंभीच्या सात बारांवर (बार म्हणजे स्वरपंक्तीवर उभ्या रेघांनी आखलेला तालाचा एक कप्पा) 'लार्गो' असा लयनिर्देश आहे, म्हणजे ऐसपैस आणि भारदस्त संथपणे वाजवावे अशी सूचना; लाइपझिगच्या ब्राइटकोप्फ आणि हेर्टेल यांच्या आवृत्तीत त्याच जागी 'लेंतो', म्हणजे नुसते सावकाश, असे छापलेले आहे. दोन्ही आवृत्त्या संगीतकाराच्या हयातीत, त्याच्या संमतीने आणि त्याने स्वतः हक्क विकल्यावर निघालेल्या असल्यामुळे एकीला खरी आणि दुसरीला बनावट ठरवून हा प्रश्न सुटत नाही. पियानोच्या छापील संगीताचा इतिहास अशा जोड्यांनी भरलेला आहे आणि त्या जोड्या शोधणे, नोंदवणे, प्रत्येक फरकाच्या मागचा माणूस किंवा हत्यार ओळखणे, हे एक स्वतंत्र, कष्टाचे आणि अतिशय महत्त्वाचे काम आहे.

स्वरांमधले पाठभेद पकडणे त्या मानाने सोपे असते. चुकीचा स्वर छापला गेला तर स्वरसंगती त्याला हरकत घेते आणि जाणत्या वादकाचा हात त्या जागी अडखळतो. लयनिर्देश आणि नादाच्या चढउताराच्या खुणा यांना असा पहारेकरी नाही. क्रेशेंदोचे म्हणजे नाद वाढवत नेण्याचे कोनाकृती चिन्ह, ज्याला वादक हेअरपिन म्हणतात, ते अर्ध्या बारने पुढे सरकले तरी ऐकणाऱ्याला काहीच खटकत नाही. वाक्याचा कळस फक्त दुसऱ्या स्वरावर जाऊन बसतो आणि पुढच्या पिढ्या तो तिथेच होता असे समजून चालतात. त्यामुळे या खुणांच्या बाबतीत कानावर विसंबता येत नाही, आवृत्त्या ओळीने शेजारी ठेवून डोळ्यांनीच ताडून पाहाव्या लागतात.

एकाच रचनेच्या तीन पहिल्या आवृत्त्या निघण्याचे कारण व्यापारी होते. एका देशात छापलेल्या कृतीला दुसऱ्या देशात कायद्याचे संरक्षण मिळेल अशी व्यवस्था त्या काळात नव्हती, त्यामुळे फ्रान्समध्ये निघालेला नॉक्टर्न लाइपझिगमधला कोणीही प्रकाशक संगीतकाराला एक पैसाही न देता छापू शकत असे. त्यावरचा उपाय असा, की तीन देशांतल्या तीन प्रकाशकांना हक्क वेगवेगळे विकायचे आणि शक्य तितक्या जवळच्या तारखांना प्रकाशन घडवून आणायचे. शोपँच्या बाबतीत पॅरिसमध्ये मुख्यतः श्लेझिंगर, लाइपझिगमध्ये आधी किस्टनर आणि मग ब्राइटकोप्फ, आणि लंडनमध्ये क्रिस्टियन रुडोल्फ वेसेल अशी ही साखळी तयार झाली. तीन ठिकाणी मजकूर पोहोचवण्याची वाट मात्र दर वेळी बदलत गेली. कधी मूळ हस्तलिखित पॅरिसच्या छापखान्यात जाई आणि ज्युलियन फोंतानासारख्या विश्वासू मित्राने केलेली नक्कल लाइपझिगला. कधी पॅरिसच्या आवृत्तीची तपासलेली मुद्रिते बाहेर पाठवली जात, आणि लंडनमध्ये छपाईचे धातूचे पत्रे अनेकदा अशाच मुद्रितांवरून खोदले जात. पुढे फोंतानाने पॅरिस सोडल्यावर शोपँ स्वतःच एकाच रचनेची एकाहून अधिक हस्तलिखिते लिहून काढू लागला, आणि ज्याला आपली रचना दुसऱ्यांदा लिहितानाही सुचतच राहते अशा माणसाच्या दोन हस्तलिखितांत चिन्हे तीच राहण्याची शक्यता मुळातच कमी. तो पॅरिसमध्ये राहत असल्याने तिथली मुद्रिते त्याच्या नजरेखालून जात, जरी तपासणीत तो फार काटेकोर नव्हता. लाइपझिगची मुद्रिते मात्र त्याने सहसा पाहिलीच नाहीत, आणि तिथल्या पेढीतले तपासनीस संगीताचे जाणकार असल्यामुळे जे त्यांना चूक वाटे ते परस्पर दुरुस्त करीत. वेसेलचा दोष वेगळ्या जातीचा होता. तो रचनांना खपाऊ शीर्षके चिकटवी. ओपस ९ च्या नॉक्टर्न्सना 'सीन नदीची कुजबुज' अशा अर्थाचे आणि पहिल्या स्केर्त्सोला 'नरकातील मेजवानी' अशा अर्थाचे नाव त्याने दिले, ज्याचा शोपँला मनस्वी राग येई.

ताडून पाहण्याच्या कामाची सुरुवात चिन्हांपासून होत नाही, ती प्रतीच्या ओळखीपासून होते. ग्रंथालयात 'पहिली आवृत्ती' म्हणून नोंदवलेली प्रत प्रत्यक्षात त्याच पत्र्यांवरून दहा वर्षांनी काढलेली, मधल्या काळात दुरुस्त झालेली असू शकते. प्रत्येक पानाच्या तळाशी असणारा पत्रा क्रमांक बदललेला नसतो, त्यामुळे केवळ त्यावर भरवसा ठेवणारा अभ्यासक हमखास फसतो. मुखपृष्ठावरची किंमत, प्रकाशकाचा पत्ता, भागीदारांची नावे (वेसेलच्या बाबतीत काही वर्षे स्टेपलटनचे नाव जोडलेले दिसते), मागच्या बाजूची जाहिरात, आणि फ्रेंच प्रतीवर सरकारदरबारी जमा केल्याचा शिक्का, एवढ्या गोष्टी जुळवल्यावर ती प्रत कोणत्या छपाईची हे ठरते. क्रिस्तॉफ ग्राबोव्स्की आणि जॉन रिंक यांनी २०१० मध्ये केंब्रिजमधून प्रसिद्ध केलेल्या शोपँच्या पहिल्या आवृत्त्यांच्या सटीप सूचीमुळे हा भाग पुष्कळ सुकर झाला आहे, आणि या आवृत्त्यांची छायाचित्रे आता संगणकावर खुली असल्याने पुण्यात किंवा मडगावात पियानो शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही ती शेजारी शेजारी मांडून पाहता येतात. तरीही छायाचित्रात न दिसणारे काही राहतेच, आणि ते समजण्यासाठी पत्रा कसा खोदला जाई हे माहीत असावे लागते.

त्या काळात संगीत छापण्यासाठी कथिल आणि शिसे यांच्या मिश्रणाचा मऊ पत्रा वापरीत. कारागीर त्यावर पाच दात्यांच्या हत्याराने स्वरपंक्तीच्या रेघा ओढी, मग किती बार एका ओळीत बसतील याचा हिशेब करून जागा आखून घेई, आणि हे सारे तो आरशातल्या प्रतिमेसारखे उलटे, उजवीकडून डावीकडे करी. स्वरांची डोकी, किल्ल्या, आकडे, आणि नाद हळू की मोठा हे सांगणारी 'पी' आणि 'एफ' ही अक्षरे, या सगळ्यांसाठी पोलादी ठसे असत आणि ते हातोडीने ठोकले जात. स्लर म्हणजे स्वरांना एका श्वासात बांधणाऱ्या कमानी, आणि हेअरपिन, यांच्यासाठी मात्र ठसा नव्हता. कारागीर त्या शेवटी, उरलेल्या जागेत, कोरणीने हाताने कापी. या एका क्रमात बहुतेक पाठभेदांचे मूळ आहे. ठशाने ठोकलेले अक्षर फार तर थोडे डावीकडे किंवा उजवीकडे सरकते, पण हेअरपिन किती लांब असावी, तिचे तोंड किती उघडावे, ती कोणत्या स्वराखाली सुरू व्हावी, हे सर्व मोकळ्या जागेवर आणि कारागिराच्या हातावर ठरते. वरखालच्या पंक्तींमध्ये स्वर खाली उतरलेले असतील तर हेअरपिन आखूड होते. ओळ जिथे संपते तिथे ती तुटते, आणि पुढच्या ओळीत तिचा उरलेला तुकडा घालायचे राहून जाते. उलट्या प्रतिमेत काम करताना उघडणारे आणि मिटणारे टोक यांची अदलाबदल होण्याची भीतीही सतत असते. दुरुस्ती करायची झाली तर पत्र्याच्या मागून त्या जागी हातोडीने ठोकून खड्डा वर आणावा लागे, वरची बाजू घासून सपाट करावी लागे आणि मग नवे चिन्ह कोरावे लागे. अशा जागी जुन्या चिन्हाची पुसट सावली कागदावर उमटते, आणि जो अभ्यासक प्रत्यक्ष प्रत हातात घेऊन उजेडात तिरकी धरतो त्याला ती सावली दिसते. पॅरिसच्या पत्र्यावर अशी सावली सापडणे हा मोठा पुरावा असतो, कारण तिचा अर्थ मुद्रित पाहणाऱ्याने, बहुधा खुद्द शोपँने, तिथे मुद्दाम हस्तक्षेप केला असा होऊ शकतो.

यानंतर प्रत्यक्ष मांडणी सुरू होते. सर्व बारांना क्रमांक दिले जातात आणि प्रत्येक आवृत्तीसाठी एक स्तंभ आखून चिन्हे एकेक करून त्यात उतरवली जातात. कोणते चिन्ह आहे एवढे लिहून भागत नाही. ते दोन पंक्तींच्या मधे आहे की वर आहे की खाली, बाराच्या कितव्या स्वरावर सुरू होऊन कितव्यावर संपते, शब्द तिरक्या अक्षरांत आहे की सरळ, पूर्ण आहे की संक्षिप्त, हेही टिपावे लागते, कारण दोन आवृत्त्यांमधले नाते अनेकदा अशा बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या खुणांतून सिद्ध होते. लंडनच्या आवृत्तीत पॅरिसच्या आवृत्तीतली एखादी विचित्र संक्षेपरूपी चूक जशीच्या तशी आली असेल, तर लंडनचा साक्षीदार स्वतंत्र नाही हे कळते, आणि मग त्या दोघांचे एकमत हे एकाच साक्षीचे दोन उच्चार ठरते. तीन आवृत्त्यांपैकी दोन जे म्हणतात ते खरे, असे बहुमताचे तत्त्व इथे पूर्णपणे निरुपयोगी असते. रचना परिचयाची असेल तर डोळा नसलेले चिन्ह पाहतो आणि असलेले वगळतो, म्हणून अनुभवी संपादक एका वेळी एकाच प्रकारचे चिन्ह हाती घेतात: एका फेरीत फक्त लयीचे शब्द, दुसरीत फक्त अक्षरी खुणा, तिसरीत फक्त हेअरपिन.

लयीच्या आकड्यांचा विभाग लहान पण बोलका असतो. योहान मेल्झेलचे लयमापक यंत्र, मेट्रोनोम, १८१५ च्या सुमारास बाजारात आले आणि दर मिनिटाला किती ठोके हे आकड्यात सांगणे शक्य झाले. त्याच्या जुन्या पट्टीवर ५० पासून १६० पर्यंतचे आकडे ठरावीक टप्प्यांनी कोरलेले असत: सुरुवातीला दोन-दोनने, मग तीन-तीनने, ७२ नंतर चार-चारने, १२० नंतर सहा-सहाने आणि शेवटी आठ-आठने. हे टप्पे संपादकाला पाठ असावे लागतात. शोपँच्या ओपस १० मधल्या दुसऱ्या एट्यूडवर काही जुन्या आवृत्त्यांत १४४ तर काहींत ११४ असा आकडा छापलेला आढळतो. ११२ नंतर पट्टीवर थेट ११६ येतो, ११४ ची खाच तिथे नाहीच, त्यामुळे कोणता आकडा मुद्रणदोष आहे हे यंत्रच सांगून टाकते. दोन वादकांच्या लयीत एवढे अंतर पडण्याचे कारण दृष्टिकोनातला भेद असेल असे मानून कोणी त्यावर मोठे विवेचन केले, तर ते सारे एका चुकून बसलेल्या ठशावर उभे असेल.

त्याच संचातला तिसरा, ई मेजरमधला एट्यूड हे याहून गहन उदाहरण आहे. २५ ऑगस्ट १८३२ अशी तारीख असलेल्या हस्तलिखितात शोपँने त्यावर 'विवाचे' म्हणजे चपळ, सजीव असे लिहिले होते. नंतरच्या प्रतीत ते 'विवाचे मा नॉन त्रोप्पो', म्हणजे चपळ पण फार नाही, असे झाले. आणि १८३३ मध्ये छापताना 'लेंतो मा नॉन त्रोप्पो', सावकाश पण फार नाही, असा शब्द आला आणि सोबत अष्टमांश स्वराला १०० हा आकडा दिला गेला. एकाच वर्षभरात संगीतकार चपळापासून सावकाशापर्यंत आला असे वरवर दिसते आणि कित्येक पुस्तकांत ते तसे सांगितलेही जाते. परंतु शब्द आणि आकडा एकत्र वाचले तर चित्र बदलते. दोन-चतुर्थांश तालात अष्टमांशाला १०० म्हणजे चतुर्थांशाला ५०, आणि त्याच वेळी आतल्या सोळांश स्वरांची साथ दर मिनिटाला २०० च्या गतीने वाहत असते. मोठ्या ठोक्याकडे पाहणाऱ्याला ही लय संथ वाटेल आणि साथीच्या प्रवाहाकडे पाहणाऱ्याला ती हलती वाटेल. शोपँने शब्द बदलताना ऐकणाऱ्याचे लक्ष एका थरावरून दुसऱ्या थरावर, साथीवरून गाण्यावर नेले, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. विसाव्या शतकातल्या अनेक ध्वनिमुद्रणांत हा एट्यूड १०० च्या बराच खाली वाजवला गेला, याचे एक कारण असे, की पुढच्या काळातल्या आवृत्त्या वाचताना 'लेंतो' हा शब्द डोळ्यांत भरला आणि 'मा नॉन त्रोप्पो' व आकडा दोन्ही विसरले गेले. शोपँने स्वतः आकडे देणे १८३७ नंतर जवळपास बंद केले, जरी त्याच्या शिकवणीच्या पियानोवर मेट्रोनोम कायम असे, ही आठवण त्याचा शिष्य कारोल मिकुली याने नोंदवून ठेवली आहे.

आकड्यांच्या बाबतीत इतर संगीतकारांकडेही नजर टाकणे भाग पडते. बेटहोव्हेनने आपल्या पियानो सोनाटांपैकी फक्त एकीला, ओपस १०६ ला, मेट्रोनोमचे आकडे दिले. ती १८१९ मध्ये व्हिएन्नात आर्तारियाने छापली आणि पहिल्या भागाच्या अर्धस्वराला असलेला १३८ हा आकडा आजही वादकांची झोप उडवतो. लंडनची आवृत्ती फर्डिनांड रीसच्या देखरेखीखाली निघत असताना बेटहोव्हेनने त्याला १८१९ च्या एप्रिलमध्ये पत्राने हे आकडे कळवले आणि सोबत पहिल्या भागाच्या 'अलेग्रो' पुढचा 'असाई' म्हणजे 'खूप' हा शब्द काढून टाकण्यास सांगितले. आकडा विलक्षण वेगवान आणि शब्द मात्र सौम्य केलेला, अशी ही दुहेरी सूचना आहे, आणि तिचे दोन्ही भाग एकाच पत्रात असल्याने त्यांतला एक पाळून दुसरा दृष्टीआड करणे हे संपादनाच्या दृष्टीने अन्यायाचे आहे. रोबर्ट शुमानच्या 'किंडरत्सेनन' मधल्या 'ट्रॉयमेराय' वर १८३९ च्या पहिल्या आवृत्तीत १०० आणि क्लारा शुमानने १८८० च्या दशकात काढलेल्या शिकवणीच्या आवृत्तीत ८० आहे. इथे दोन्ही साक्षी घरातल्याच आहेत, आणि मधल्या अर्धशतकात युरोपची संथपणाची कल्पना किती बदलली याचा हा छोटासा पण भक्कम पुरावा आहे.

नादाच्या चढउताराच्या खुणांत सर्वांत जास्त गोंधळ एका साध्या आकृतीने घातला आहे. डावीकडे उघडी आणि उजवीकडे मिटलेली छोटी हेअरपिन आणि एका स्वरावर जोर द्या असे सांगणारे आघातचिन्ह यांची आकृती एकच, फक्त लांबी वेगळी. शोपँच्या हस्ताक्षरात या दोहोंच्या मधली, एका स्वरापेक्षा लांब आणि खऱ्या दिमिनुएंदोपेक्षा, म्हणजे नाद कमी करत नेण्याच्या खुणेपेक्षा, आखूड अशी चिन्हे वारंवार येतात. खोदणाऱ्या कारागिराकडे लहान आघातचिन्ह होते किंवा मग पूर्ण हेअरपिन कापण्याची सोय होती. मधले काही नव्हते. म्हणून एकच हस्तलिखित चिन्ह एका शहरात आखूड आघात म्हणून आणि दुसऱ्या शहरात लांबलचक दिमिनुएंदो म्हणून छापले गेले. पहिले वाचले तर एक स्वर ठसतो, दुसरे वाचले तर अख्खे वाक्य विझत जाते. पोलंडमध्ये यान एकिअर यांनी संपादित केलेल्या राष्ट्रीय आवृत्तीत 'दीर्घ आघात' हे चिन्ह वेगळ्या लांबीने छापून हा मधला प्रकार पुन्हा कागदावर आणला गेला, आणि या एका निर्णयाने शोपँच्या पानाचा चेहराच बदलला. एकोणिसाव्या शतकातल्या हेअरपिनचा संबंध केवळ नादाशी नसून लयीच्या किंचित ताणण्याशीही होता, असे अलीकडचे काही अभ्यासक मांडतात. ते मान्य केले तर लयीचा स्तंभ आणि नादाचा स्तंभ वेगळे ठेवण्याची सोयीची पद्धतही अपुरी पडते, आणि शोपँच्या लेखनात त्या मताकडे झुकण्यासारखे पुष्कळ आहे.

ओपस २८ चे चोवीस प्रेल्यूड्स हा या सर्व वाटा एकत्र पाहण्याचा उत्तम संच. शोपँने तो १८३८-३९ च्या हिवाळ्यात मायोर्का बेटावरच्या व्हाल्देमोसा इथे पूर्ण केला आणि जानेवारी १८३९ मध्ये पॅरिसला फोंतानाकडे धाडला. मूळ हस्तलिखित, जे आज वॉर्सॉच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, त्यावरून पॅरिसमध्ये कातेलँने आवृत्ती काढली. फोंतानाच्या नकलेवरून ब्राइटकोप्फची निघाली. वेसेलची आवृत्ती पॅरिसच्या पाठावर आधारलेली. अर्पणपत्रिकासुद्धा वेगवेगळ्या, फ्रेंच आवृत्ती कामीय प्लेयेलला आणि जर्मन आवृत्ती केसलरला. फोंताना काळजीपूर्वक लिहिणारा होता, पण नक्कल करणारा माणूस स्वर आधी उतरवतो आणि चिन्हे मागाहून भरतो, आणि मागाहून भरलेल्या हेअरपिन त्याच्या स्वतःच्या अंतरांप्रमाणे बसतात. त्यात लाइपझिगच्या कारागिराच्या अंतरांची भर पडली की मूळ कळस कुठे होता हे दोनदा पुसले जाते. या संचातल्या सी मायनरमधल्या विसाव्या, 'लार्गो' प्रेल्यूडची गोष्ट मात्र वेगळ्या दिशेची आहे. आज तो तेरा बारांचा आहे: चार बार दोन एफ, म्हणजे अत्यंत जोरकस; चार बार एक पी, म्हणजे हळू; तेच चार बार पुन्हा, आता दोन पी, म्हणजे अतिशय हळू; आणि शेवटी एक स्वरपुंज. हस्तलिखितात शोपँने प्लेयेलच्या रोशेशुआर रस्त्यावरच्या प्रकाशकाला उद्देशून टीप लिहिली आहे, की ही पुनरावृत्ती म्हणजे एका सद्गृहस्थाला दिलेली छोटी सवलत आहे आणि त्याचे म्हणणे पुष्कळदा बरोबर असते. जगभरच्या विद्यार्थ्यांना दूर जाणाऱ्या अंत्ययात्रेसारखा भासणारा तो दोन पीचा टप्पा मूळ कल्पनेत नव्हता. तो दुसऱ्या कोणाच्या तरी आग्रहातून आला आणि तरीही तो पूर्णपणे शोपँचाच आहे, कारण त्याने तो स्वीकारून स्वतःच्या हाताने लिहिला. संगीतकाराचा मूळ हेतू नावाची एकच शुद्ध वस्तू कुठेतरी पुरलेली आहे आणि ती खणून काढायची आहे, ही समजूत या एका पानापुढे टिकत नाही.

छपाई झाल्यावरही खुणा बदलत राहिल्या. जेन स्टर्लिंग आणि कामीय द्युबुआ या शिष्यांच्या छापील प्रती पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत आणि त्यांवर शिकवताना पेन्सिलीने घातलेल्या दुरुस्त्या आहेत: कुठे छापील चिन्ह खोडले आहे, कुठे नवे जोडले आहे, कुठे एका शिष्येला जे सांगितले ते दुसरीला सांगितलेले नाही. प्रत्यक्ष वादनात तर छापील पाठाचे बंधन आणखी सैल होते. १६ फेब्रुवारी १८४८ रोजी झालेल्या त्याच्या पॅरिसमधल्या अखेरच्या मैफिलीत, आजाराने शक्ती क्षीण झालेली असताना, शोपँने 'बार्कारोल' चा जोरकस लिहिलेला उत्तरार्ध अतिशय हळू नादात आणि इतक्या सूक्ष्म छटांनी वाजवला, की हेच रूप अधिक योग्य नव्हे ना, असा प्रश्न ऐकणाऱ्या पियानोवादक चार्ल्स हॅले यांना पडला. ही आठवण वाचून कोणी 'बार्कारोल' च्या छापील एफ खुणा बदलू नयेत हे उघड आहे; पण त्या खुणा त्या संगीताची एकमेव शक्यता सांगतात असेही मग म्हणवत नाही.

मराठी वाचकाला पाठचिकित्सेची सर्वांत परिचित परंपरा म्हणजे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती, जिचे काम १९१९ मध्ये सुरू झाले, विष्णु सीताराम सुखटणकरांनी ज्याला पद्धतीची शिस्त दिली आणि जे १९६६ मध्ये पूर्ण झाले. तिथे शेकडो पोथ्यांच्या शाखा-उपशाखा ओळखून त्यांच्यामागचा जुन्यात जुना गवसणारा पाठ उभा करणे हे ध्येय होते. साक्षींची वंशावळ ओळखणे, केवळ संख्येवर न जाणे, आणि नाकारलेला पाठ तळटीपेत जपून ठेवणे, हे नियम शोपँच्या संपादकालाही तसेच लागू पडतात. मात्र शोपँच्या आवृत्त्यांमागे एकच आदिपाठ असतो असे धरून चालता येत नाही. अनेकदा दोन शाखा लेखकाच्याच दोन क्षणांतून फुटलेल्या असतात. त्यामुळे पॅरिसची हेअरपिन, लाइपझिगचा लयशब्द आणि शिष्येच्या प्रतीतली पेन्सिलीची खूण एकत्र करून तयार केलेले सुबक पान, जसे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या कित्येक संपादकांनी तयार केले, ते शोपँच्या आयुष्यातल्या कोणत्याही दिवशी अस्तित्वात नव्हते. ब्राइटकोप्फने १८७८ पासून काढलेल्या समग्र आवृत्तीच्या वेळी सहसंपादक एर्न्स्ट रुडोर्फला शोपँच्या लेखनातल्या विसंगती नीटनेटक्या करण्याचा मोह होता आणि योहान्स ब्राम्सने त्याला त्यापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. स्वतः थोर संगीतकार असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या खुणांबाबत दाखवलेला हा आदर पुढच्या सर्व संपादकांना धडा ठरावा असा आहे.

एखादा छोटा ठिपकाही लयीची अख्खी रचना कशी पालटू शकतो, हे बी फ्लॅट मायनर सोनाटा, ओपस ३५, मध्ये दिसते. १८४० मध्ये निघालेल्या या सोनाटाची सुरुवात चार बारांच्या 'ग्रावे', म्हणजे गंभीर आणि अतिसंथ, अशा प्रस्तावनेने होते आणि पाचव्या बारापासून 'दोप्पियो मोव्हिमेंतो' म्हणजे दुप्पट गती सुरू होते. सोनाटाच्या पहिल्या भागाचा पूर्वार्ध दोनदा वाजवण्याची रीत असल्याने परत कुठून सुरू करायचे हे दुहेरी रेघेवरच्या ठिपक्यांनी दाखवतात. लाइपझिगच्या आवृत्तीत हे ठिपके 'दोप्पियो मोव्हिमेंतो' च्या आरंभी आहेत. लंडनच्या आवृत्तीत तिथे ठिपके नाहीत. लाइपझिगप्रमाणे वाजवले तर 'ग्रावे' एकदाच ऐकू येतो आणि दुप्पट गती ही एकदाच घडणारी गोष्ट राहते. लंडनप्रमाणे वाजवले तर पूर्वार्धाच्या शेवटचा आवेग थेट त्या संथ चार बारांवर येऊन आदळतो, गती निम्मी होते, आणि 'दुप्पट' या शब्दाला मोजण्यासाठी आधार दुसऱ्यांदा मिळतो. पियानोवादक आणि लेखक चार्ल्स रोझन यांनी लाइपझिगचे ठिपके ही चूक आहे असे ठामपणे मांडले आणि पूर्वार्धाच्या शेवटची स्वरसंगती 'ग्रावे' च्या पहिल्या स्वराकडेच ओढ घेते हे दाखवून दिले. सर्वांनी हे मत स्वीकारलेले नाही, आणि मैफिलीत आज दोन्ही रूपे ऐकू येतात. तीन आवृत्त्यांची ती पाने शेजारी ठेवल्यावर निदान एवढे निर्विवादपणे दिसते, की ज्या पाठाला दीर्घकाळ शोपँचा एकमेव पाठ मानले गेले तो तीन साक्षींपैकी एकाच साक्षीचा होता, आणि तीही अशा शहरातली, जिथली मुद्रिते त्याच्या टेबलावर सहसा पोहोचत नसत.